दुकानातला शाकाहारी सरडा

मानवतच्या बाजारात महालिंगअप्पांचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. भस्माच्या वड्या, कापूर, रुद्राक्ष, उदबत्त्या. दुकानावर नाव अप्पांचं, पण पुड्या बांधणारे हात त्यांच्या बायकोचे, भागम्माचे. कर्नाटकातल्या भालकीकडून लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं. गिऱ्हाईक हसेल म्हणून सासूने तिला दुकानात मागच्या बाजूला बसवलं. पुढे मराठी आलं, सासू गेली, तरी भागम्माची जागा मागेच राहिली. बोलायचं काम अप्पांचं, आणि बोलायचेही ते गोड. दारातल्या मुंगळ्यांना साखर टाकणारा माणूस म्हणून बाजारात त्यांचं नाव होतं.

एका दुपारी अप्पा उपरण्यात काहीतरी गुंडाळून घरी आले. पाथरीच्या रस्त्यावर लोक एका सरड्याला दगड मारत होते, त्यांच्या तावडीतून सोडवून आणलेला. झाडावरचा, रंग बदलणारा हिरवा सरडा. त्याचा श्वास लागला तर माणूस मरतो अशी लोकांची समजूत, म्हणून दिसला की ठेचतात.

"आता हितंच ऱ्हाईल," अप्पा म्हणाले. "मुकं जनावर हाय. जीव वाचवला तर सांभाळाय बी पायजे."

पाऊल टाकण्याआधी तो पुढे-मागे डुलायचा, म्हणून अप्पांनी त्याचं नाव नंदी ठेवलं. अंगणातल्या जास्वंदीवर तो राहू लागला. भागम्मा भांडी घासता घासता त्याच्याकडे बघत बसायची. त्याचे डोळे दोन दिशांना दोन फिरत, एक तिच्याकडे, एक आभाळाकडे. माशी बसली की दोन्ही डोळे एका जागी येत, आणि जीभ कधी गेली, कधी आली, कळतसुद्धा नसे.

हे अप्पांनी कधी पाहिलं नाही. ते झाडाखाली वाटीत दूध ठेवायचे, केळं कुस्करून ठेवायचे. वाटी रिकामी व्हायची, कारण शेजारची मांजर यायची. अप्पांना वाटलं, नंदीच पितो.

"बघ, आपल्यात राहून शुद्ध झालाय," ते कौतुकाने म्हणाले.

भागम्माला हसू आलं. सांगावं असं तिच्या ओठावर आलं होतं. पण गळ्यात लिंग बांधणाऱ्या लिंगायत घरात किडे खाणारा सरडा चालणार नाही, अप्पा त्याला वेशीबाहेर टाकून येतील, या भीतीने ती गप्प बसली. माशा तो बाहेरच्या बाहेर खात होता, घरातून कोणी देत नव्हतं.

अप्पा मात्र गप्प बसले नाहीत. आधी शेजारी, मग बाजार, मग पोखर्णीहून नरसिंहाचं दर्शन करून परतणारे लोक, सगळ्यांच्या कानावर शाकाहारी सरडा गेला. बघायला माणसं यायला लागली. तेव्हा अप्पांनी पोपटाचा जुना पिंजरा धुतला, त्यात बेलाची डहाळी खोचली आणि नंदीला दुकानात आणून टांगलं.

"अवं, त्याला झाडावरच राहू द्या," भागम्मा म्हणाली. "ऊन पायजे त्याला."

"उन्हात काय ठेवलंय? हितं पंखा हाय, सावली हाय. माणसं हात जोडायलेत त्याला, तुझ्या डोळ्याला दिसत न्हाई का?"

दिसत होतं. कोणी पिंजऱ्यापुढे फूल ठेवत होतं, कोणी फोटो काढत होतं. रंगनाथ नावाचा समोरचा कापडवाला तर रोज यायचा. "अप्पा, आमच्या घरच्यांना बी ठेवून घ्या पिंजऱ्यात," तो म्हणायचा, "मटण तरी सुटंल." सगळे हसायचे. अप्पा सगळ्यात जास्त.

दुकानात माशी नव्हती. धूप जळत असायचा दिवसभर.

नंदीचा हिरवा रंग मातकट झाला. मग एक डोळा सुजला, बुबुळावरची कातडी फुगून मिटली. पाठोपाठ दुसरा. अप्पांनी गुलाबपाणी घातलं, तूप लावलं. गाजर डोळ्याला चांगलं म्हणून उकडून त्याच्या तोंडापुढे धरलं. तो आंधळ्यासारखा मान फिरवून दुसरीकडे तोंड करायचा. आंधळाच झाला होता तो.

"ध्यान लावून बसलाय," अप्पा लोकांना सांगू लागले.

अप्पा मठात गेलेले बघून भागम्माने नंदीला बेलाच्या टोपलीत घातलं आणि पदराखाली झाकून जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या राजेश्रीताई तरुण डॉक्टर. त्यांनी त्याला हातावर घेतलं, सूज बघितली, तोंड उघडून बघितलं.

"काय खायला देता काकू?"

"दूध. केळं."

"हा फक्त किडे खातो. नाकतोडे, माशा. त्याच्या अंगात अ जीवनसत्त्वच उरलेलं नाही, म्हणून डोळे सुजलेत. आणि पाणी वाटीतलं पीत नाही तो, पानावरचे थेंब चाटतो." त्यांनी एक बाटली दिली. "मासळीचं तेल आहे. किड्यावर अगदी एक थेंब, जास्त नको, जास्तीचंही विष होतं. सकाळचं ऊन द्या. आणि खरं सांगू का, याला पाळणं गुन्हा आहे. मी वनखात्याला फोन करते, ते नीट उपचाराला नेतील."

"जरा थांबा ताई," भागम्मा म्हणाली. "घरात इचारते."

नंतर तिला वाटायचं, ते एक वाक्य गिळलं असतं तर बरं झालं असतं.

अप्पांनी बाटलीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि तोंड फिरवलं. "मासळी? ह्या घरात?"

"आवशीद हाय ते."

"आणि किडे कोण मारणार? तू? गळ्यात लिंग बांधून?"

"तो झाडावर होता तवा माशाच खायचा. म्या बगितलंय. दूध मांजर प्यायची."

अप्पा खाली बसले. भागम्माला वाटलं, कळलं ह्यांना. मग ते हळूच म्हणाले, "हे भाईर कुणाला बोललीस?"



"तुमाला त्याचे डोळे न्हाई, तुमचं तोंड वाचवायचंय," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच एवढं बोलली असेल.

अप्पांनी बाटली मोरीत ओतली.

दुसऱ्या सकाळी भागम्मा ओढ्याकाठच्या गवतात गेली. नाकतोडा धरला, मुठीत त्याची धडपड जाणवली, आणि तिने मनात देवाची माफी मागितली. नंदीच्या तोंडापुढे धरला. त्याला दिसतच नव्हतं, तर जीभ कुठे सोडणार? तिने बोटाने ओठ उघडून घास सरकवला. तो कसाबसा चावला. पण पुढचा घास तोंडातून तसाच गळून पडला. तिने पदराला हात पुसले आणि डॉक्टरला फोन लावला.

वनखात्याचा माणूस डबा घेऊन आला. अप्पा त्याच्याशी गोड बोलले, वर त्याला भस्म दिलं. पिंजरा त्यांनी त्याच दिवशी उतरवला.

पुढे राजेश्रीताईंचा फोन आला. नंदी जगला होता. डावा डोळा उघडला, उजवा आतून गेला होता. "उरलेल्या डोळ्यालाही धूसरच दिसतं त्याच्या काकू, जीभ चुकते. आता सोडता येणार नाही. हातानेच भरवावं लागेल, जगेल तोवर."

भागम्माने ते अप्पांना सांगितलं. अप्पा माळा मोजत होते, मोजत राहिले.

एक दिवस पोखर्णीहून दर्शन करून आलेली एक बाई दुकानात चढली. सोबतच्या सुनेला दाखवायला म्हणून सरडा विचारू लागली.

"न्हाई राहिला तो," अप्पा मान खाली घालून म्हणाले. "शेवटी शेवटी डोळे मिटून बसायचा. अन्नपाणी सोडलं होतं त्यानं. लिंगैक्य झाला म्हना."

बाईने कपाळाला हात लावला. सुनेने तिचं बघून लावला. मग त्या बाईने मागे पुड्या बांधणाऱ्या भागम्माकडे बघितलं. "काकू, खरंच का हो अन्न सोडलं होतं त्यानं?"

अप्पांनी वळून बघितलं. भागम्माचा हात दोऱ्यावर थांबला.

"त्यानं न्हाई सोडलं," ती म्हणाली. "आमी दिलं न्हाई. आणि मेला बी न्हाई तो. आंधळा करून दिला आमी."

बाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, मग अप्पांकडे. अप्पा हसले, कपाळाजवळ बोट नेऊन फिरवलं. "वय झालंय. जीव लावला होता तिनं त्याला."

"व्हय, व्हय, आसं होतं," बाई समजुतीने म्हणाली, आणि कापराची पुडी मागितली.

भागम्माने ती बांधून दिली.