दंडाची नळी

बेल्ह्याच्या रस्त्यावर आडव्या टाकलेल्या दोन काळ्या नळ्या मी कधी विसरलो नव्हतोच. या महिन्यात तर त्या रोज आठवतात. ज्यांनी त्या नळ्यांतून गुन्हा उलगडला, ते आमचे हवालदार गेल्या महिन्यात वारले. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

निवृत्तीच्या थोडं आधी मी त्या भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस होता. सकाळी साडेआठच्या सुमारास निमगाव साव्याच्या रस्त्यावर सायकलवरून चाललेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही. शेजारच्या वावरात कांदा खुरपणारी बाई आवाजाने धावली आणि तिने लगेच फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली. बाबा बेशुद्ध होते. गाडी पांढरी पिकअप होती आणि निमगावकडे गेली, एवढं बाईने सांगितलं.

तासाभरात बाजारातून ठाण्यात फोन आला. "सायेब, गाडी घावलीय. लवकर या, न्हाईतर मानूस ऱ्हायचा न्हाई."

पोहोचलो तेव्हा तोंड चेपलेल्या एका पांढऱ्या पिकअपभोवती गर्दी होती. चालक पन्नाशीचा, निमगाव साव्याचा, शेळ्या विकायला आलेला. शर्ट फाटला होता, ओठातून रक्त येत होतं. त्याला गर्दीतून ओढून काढलं आणि ठाण्यात आणलं.

"गाडी कशी चेपली?" मी विचारलं.

"मागल्या बाजारी म्हशीनं धडक दिली, सायेब."

"साडेआठला कुठं होता?"

"हितंच. दिस उगवायला आलो, तवापासनं हाललो न्हाई."

"कोणी पाहिलं?"

"शेळ्यांनी." तो चेष्टा करत नव्हता. "गिऱ्हाईक येतंय, दात बघतंय, जातंय. कुनाचं नाव सांगू?" मग त्याने हात जोडले. "रविवारी पोरीची सुपारी फुटायचीय, लगीन ठरतंय. आज अटक दावली तर ती मानसं दारात येत न्हाईत."

असं बोलणारी माणसं मी खूप पाहिली होती. रंग जुळत होता, चेपलेला पत्रा समोर होता. मी रायटरला अटकेचे कागद करायला सांगितले. तेव्हा हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, संध्याकाळपर्यंत थांबा. मला त्या नळ्यांचं विचारू द्या."

त्या आठवड्यात त्या रस्त्यावर वाहनांची मोजणी चालू होती. डांबरावर दोन रबरी नळ्या आडव्या ठोकलेल्या आणि कडेच्या बाभळीला साखळीने बांधलेली एक लोखंडी पेटी. अपघात नळ्यांपासून हाकेच्या अंतरावर झाला होता. नळ्या कशासाठी, हे गावात कोणी विचारलं नव्हतं आणि उत्तर मात्र सगळ्यांना माहीत होतं.

"ती पावती फाडती," नाक्यावरच्या चहावाल्याने आम्हाला बजावलं. "जोरात गेलं की खालनं फोटू काढती म्हनं."

"खालून काढून काय, टायरचं तोंड ओळखणार का?" हवालदार म्हणाले.

"तुमी हसा, हवालदार. ड्रायव्हर लोकं लई भेत्यात तिला."

मोजणी करणाऱ्या कंपनीच्या अभियंता बाईंना बोलावलं. त्यांनी पेटी उघडून लॅपटॉप जोडला आणि बोनेटवर ठेवून आम्हाला समजावलं. चाक नळीवर आलं की आतली हवा दबते आणि तिचा ठोका पेटीत वेळेसकट नोंदला जातो. दोन नळ्यांतलं अंतर ठरलेलं, त्यामुळे दोन ठोक्यांवरून वेग आणि दिशा कळते. वेग कळला की पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर निघतं, आणि त्यावरून मोटरसायकल, जीप, एसटी ओळखता येते.

"नंबर कळतो?" मी विचारलं.

"नाही. फोटोही नाही, दंडही नाही. रोज कोणीतरी मला हेच विचारतं."

खुरपणाऱ्या बाईच्या फोनची वेळ आमच्याकडे होती. त्याच्या आधीच्या पाव तासात निमगावच्या दिशेने मोटरसायकली गेल्या होत्या, एक एसटी गेली होती आणि एक विचित्र गाडी गेली होती. पुढच्या दोन चाकजोड्यांतलं अंतर पिकअपचं, पण तिच्यामागे तिसऱ्या चाकजोडीचा ठोका. सुटी पिकअप एकही नव्हती.

"ही काहीतरी ओढत होती," अभियंता बाई म्हणाल्या.

हवालदार मला घेऊन तडक त्या वावरात गेले. "मावशी, गाडीमागं काय होतं?"

"सकाळीच सांगितलं की! मागं कायतरी खडखडत व्हतं. सायेब म्हनले, रिकामी गाडी वाजतीच."

खरं होतं. ते वाक्य जबाबात मीच लिहू दिलं नव्हतं. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

परतताना ते म्हणाले, "सकाळी सकाळी पिकअपमागं काय असतं, साहेब? स्लॅबचा मिक्सर. आणि स्लॅबचं जेवण गावात लपत नाही."

सिमेंटच्या दुकानांत दोन-चार फोन केले आणि कळलं, त्या दिवशी लोणीत एका बंगल्याचा स्लॅब होता. हद्द दुसऱ्या ठाण्याची. त्यांना कळवून दुपारी तिथे पोहोचलो. घरमालक आम्ही न विचारताच कुरकुरला, "मुहूर्ताचा नारळ फुटला, शिरा झाला, पन मिक्सरचा पत्ता न्हाई. तासभर लेट. म्हनं पंक्चर."

मिक्सरवाला जेवून हात धूत होता. त्याची पिकअप पांढरी होती. मिक्सरच्या डाव्या चाकाच्या आसाला हिरव्या रंगाचा ताजा ओरखडा होता. बाबांची सायकल हिरवी होती. तरी तो म्हणाला, "आमी बेल्ह्याकडनं आलोच न्हाई."

हवालदार खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले. "मग नळीवर तुमच्या गाडीची नोंद कशी?"

"नोंद कशी व्हईल, राव? मी नळी चुकवूनच गाडी साइडपट्टीवर..."

तो थांबला. डावी चाकं त्याने डांबराखाली उतरवली होती; उजवी नळीवरूनच गेली होती. न लागणारा दंड चुकवायला तो ज्या पट्टीवर उतरला, तिच्यावरून बाबा नेहमीप्रमाणे कडेने चालले होते.

"लोक मारतील म्हनून थांबलो न्हाई," तो शेवटी म्हणाला. "म्हातारं हाय का?"

बाबा वाचले. शेळीवाल्याला आम्ही त्याच संध्याकाळी सोडलं. पुढे न्यायालयात पेटीतली नोंद, ओरखडा आणि खुरपणाऱ्या बाईचा नव्याने घेतलेला पूर्ण जबाब, तिन्ही टिकले. माझी पाठ थोपटली गेली. ती शाबासकी खरी हवालदारांची होती, हे मी तेव्हाच वरिष्ठांना लेखी कळवलं होतं.

त्या रविवारची एक गोष्ट मात्र मला ठाऊक नव्हती. दुपारी हवालदार जागेवर नव्हते आणि डायरीत त्यांच्या नावापुढे 'निमगाव सावा, गस्त' एवढंच होतं. भर दुपारी कसली गस्त, म्हणून मी त्यांना चारचौघांत बोललो होतो. ते "चुकलं, साहेब" म्हणाले होते.

त्यांच्या दशक्रियेला शेळीवाला आला होता. सोबत मुलगी आणि तिचं लहान मूल. मुलगीच मला सांगू लागली.

"पावण्यांच्या कानावर गेलं व्हतं की बापाला पोलिसांनी धरलाय. सगळी गप बसलेली. तेवढ्यात हे हवालदार वर्दीत आले, माझ्या बापाच्या मांडीला मांडी लावून बसले आन् म्हनले, मला बी चहा द्या, ह्या मानसानं आमचा गुन्हा सोडवायला मदत केलीय. मग सुपारी फुटली."

नोकरीत मी जबाबातला शब्द न् शब्द लिहून घ्यायला शिकलो, तो त्या प्रकरणानंतर. पण गुन्हा उघडकीला आणल्यावर माणसाची अब्रू त्याच्या दारापर्यंत पोहोचती करावी लागते, हे मला घाटावर उभं असताना कळलं. हवालदारांनी ते तेव्हाच केलं होतं आणि डायरीत त्याला गस्त म्हटलं होतं. ती नोंद बरोबर होती.