एकाच ढिगावरचे दोघं

लोहाऱ्याकडच्या साखर कारखान्याच्या वर्धापनदिनाच्या मांडवात व्यंकट धनगराला पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली, तेव्हाच त्याच्या मनानं घेतलं की आज आपण कायम होणार. गेली कैक वर्षं गडी गव्हाणीवर उसाच्या मोळ्या ओढत होता. पण हंगामी. हंगाम सरला की बस घरी! कायम झाला असता तर म्हातारपणी नवराबायकोला भाकरीची चिंता राहिली नसती. त्याचं मागणं तेवढंच होतं.

आता हा मेंढरं सोडून गव्हाणीवर आला कसा, ते ऐका.

बहात्तरच्या दुष्काळात नळदुर्गच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं. व्यंकट, त्याची बायको म्हाळसाबाई आणि गावातलाच सिद्धेश्वर, तिघं एकाच ढिगावर. सिद्धेश्वरच्या हाताला दुसऱ्याच दिवशी फोड आले. "वहिनी, माझं तेवढं भरा की," म्हणून तो सावलीला बसायचा अन् म्हाळसाबाई त्याचं माप भरून द्यायची. त्याचा मामा त्याच कामावर कारकून. त्यानं भाच्याला लगेच मुकादम केलं. पुढं मामाचंच बोट धरून भाचा सोसायटीत शिरला, तिथून कारखान्यात, अन् झाला की चेअरमन!

त्याच साली म्हाळसाबाईनं काय केलं, ते कुणी विचारलं नाही. कळप चाऱ्यापाण्यावाचून मेला, तीन मेंढ्या उरल्या. दिवसभर खडी फोडून ही बाई संध्याकाळी बाभळीच्या शेंगा वेचायची, आपल्या वाट्याचं पाणी त्यांना पाजायची. त्या तिघींतून तिनं पुन्हा दारात चांगला कळप उभा केला. तिला कुणी हार घातला नाही. घालतंय कोण!

चेअरमन मात्र गावोगाव सांगत सुटले, "बहात्तर साली ह्या हातांनी खडी फोडली! मनगटात जोर असला की गडी कुठल्या कुठं जातो!" टाळ्याच टाळ्या. ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय! अन् ह्याला आमचा व्यंकट भुलला. मामा ठाऊक, फोड ठाऊक, तरी भुलला. चावडीवर छाती फुगवून सांगायचा, "आमी एकाच ढिगावर व्हतो." सांगता सांगता त्याच्या गोष्टीतून मामा गळाला, अन् मग त्याला वाटायला लागलं, तो गेला तर म्या का न्हाय जाणार?

त्यानं मेंढरं मेव्हण्याला विकायला काढली. म्हाळसाबाई आडवी आली.

"तीन तरी ठिवा. धनगराच्या दारातनं शेवटचं मेंढरू जाऊ द्यायचं नसतं. त्याच्यातनंच परत उभं ऱ्हातंय."

"अगं, मेंढरामागं हिंडून कोण चेअरमन झालंय?" असं म्हणून त्यानं सगळी विकली अन् कारखान्यात गव्हाणीवर लागला.

तर मांडवात चेअरमननी हाक मारली, "या, व्यंकटराव!" व्यंकट लगबगीनं वर चढला. गळ्यात हार पडला, हातात नारळ आला, खांद्यावर टॉवेल. बायकांत बसलेल्या म्हाळसाबाईनं देवाला हात जोडले.

"मंडळी, हा अन् मी एकाच ढिगावर खडी फोडत होतो," चेअरमन म्हणाले. "मी इथं आलो, हा तिथंच राहिला. का? मनगट! मेहनतीत कमी पडला की माणूस आहे तिथंच राहतो. पोरांनो, दोघांकडं नीट बघून घ्या."

मांडव हसला. कायम करायचं नावसुद्धा निघालं नाही. व्यंकटला ओरडून सांगावंसं वाटलं, मामाचं, फोडांचं, सगळं. पण इतकी वर्षं ती गोष्ट त्यानंच गोड करून सांगितली होती, आता त्याचं ऐकणार कोण? त्यानं नमस्कार केला अन् खाली उतरला. लाजेनं त्याची मान वर होईना.

घरी उंबऱ्यावर बसून तो बायकोला म्हणाला, "मेव्हण्याकडनं तीन मेंढ्या मागून आणू का गं? परत उभं करू."

म्हाळसाबाईनं आपल्या वाकड्या झालेल्या बोटांकडं बघितलं.

"तीन जगवल्या तवा माझ्या मनगटात जोर व्हता," ती म्हणाली. "आता कुणाच्या हाय?"

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. व्यंकटनं तोच टॉवेल डोक्याला गुंडाळला अन् पाळीवर गेला.