सुमतीबाईंचं आमेन

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. देवाला सांगायची गरजच नव्हती—तो समोरच होता. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला पास्टरसाहेब म्हणणार नाही.

बोरगाव मेघेच्या बाजूला आमचं टिनाच्या छपराचं चर्च होतं. आणीबाणी उठली, त्या सुमाराची गोष्ट. उपदेश माझा, पण लोक यायचे ते सुमतीबाईंच्या पेटीसाठी, गाण्यासाठी. त्या दवाखान्यात आया होत्या, नवरा वारलेला, एक मुलगा. त्या गायला लागल्या की बाया पदर डोळ्यांना लावायच्या. मी बोलायला उभा राहिलो की त्याच पदराने वारा घ्यायच्या. राग यायचा का मला? राग नाही हो—जळायचो. आठवडाभर मी प्रार्थनेला बसायचो. जीभ चालायची, आत काही हलायचं नाही. आणि ही बाई भांडी घासताना जे गुणगुणायची, तेच रविवारी गाऊन जायची.

मुलाचा टायफॉइड उतरल्यावर त्या एका दुपारी घरी आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"मी घाबरली, पास्टरसाहेब. केळझरच्या गणपतीले नारळ कबूल केला. पोरगा वाचला. आता पेटीवर बसाची लाज वाटून राह्यली."

आई होती ती—दुसरं काय करणार? मी म्हणालो, देव क्षमा करतो, रविवारी गा. ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही, असंही म्हणालो. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून.

आमच्यात एक रीत आहे. पास्टर मोठ्याने, मनात येईल तशी प्रार्थना करतो आणि मंडळी डोळे मिटून, मान खाली घालून ऐकते. उपदेशावर नंतर चहा पिताना वाद घालता येतो. प्रार्थनेला उत्तर देता येत नाही—देवाशी बोलणाऱ्याला अडवणार कोण? शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या रविवारी त्या फार सुंदर गायल्या. मग मी हात वर केले आणि आवाज मऊ केला. प्रभू, म्हणालो, आमच्या सुमतीबाईंना क्षमा कर, पोरासाठी त्यांनी तुला सोडून केळझरला नारळ कबूल केला. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. माझे उघडे होते. मला त्यांचा चेहरा बघायचा होता—आणि मी तो शेवटपर्यंत बघितला. हनुवटी थरथरत होती. मंडळी आमेन म्हणाली. त्याही म्हणाल्या. मला बरं वाटलं.

पेटीवर त्या पुन्हा बसल्या नाहीत. मागच्या चटईवर बसायच्या, आणि शेजारच्या बाया जरा लांब सरकायच्या. माझं मात्र नाव झालं. प्रार्थना करावी तर या पास्टरने, असं पार हिंगणघाटपर्यंत बोलू लागले.

सात-आठ वर्षांनी त्यांच्या मुलाने बोलावणं पाठवलं. आईचं काही खरं नव्हतं. मी बाजेजवळ बसलो, मान खाली घातली. त्यांनी माझं मनगट धरलं.

"प्रार्थना करा, पास्टरसाहेब. पण डोये उघडे ठेवजा. माह्याकडे पाहून करजा."

एवढंच मागितलं. पाहिलं मी—क्षणभर. त्यांची नजर हलली नाही. मग मी डोळे मिटले आणि नेहमीसारखी प्रार्थना केली. छान झाली. दारातल्या बाया रडल्या, आमेन म्हणाल्या.

सुमतीबाई म्हणाल्या नाहीत.