घड्याळातली एकोणीस वर्षांची रोशनी

भैय्याजी गजभिये यांच्या गाडीत खोटं बोलून प्रवास करणं फार अवघड होतं. नागपूर-उमरेड एसटीवर ते कंडक्टर. गणेशपेठच्या स्टँडवरून गाडी सुटली, की मशीन छातीशी धरून ते सगळ्यात मागच्या बाकापासून तिकिटं द्यायला सुरुवात करायचे. पुढून सुरुवात केली तर मागच्यांना तयारीला वेळ मिळतो, असं त्यांचं म्हणणं. आईच्या मांडीवर पाय दुमडून बसवलेलं पोरगं दिसलं, की ते आईला काही विचारतच नसत.

"काय बे पैलवान, कोणत्या वर्गात आहेस?"

पोरगं अभिमानानं "दुसरीत" म्हणायचं आणि आईचं "अजून चारच वर्षांचा आहे" ओठावरच राहून जायचं.

"चार वर्षांचा न दुसरीत! मोठा हुशार दिसते वं माय तुमचा," असं म्हणत ते अर्धं तिकीट तिच्या हातावर ठेवायचे. रागवायचे नाहीत. हसायचे, पण सोडायचे नाहीत.

हा संशय त्यांनी नोकरीतून घरी आणला, की घरून नोकरीत नेला, हे त्यांच्या बायकोला, सिंधूताईंनाही सांगता आलं नसतं. दिघोरीच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आलेलं दूध आधी बोट बुडवून पाहिलं जायचं. भेंडी "आजचीच तोडलेली" असली, तरी तिचं टोक मोडल्याशिवाय पिशवीत पडायची नाही. गॅसचं सिलिंडर आणणारा माणूस तर भैय्याजी घरी आहेत असं कळलं, की स्वतःच म्हणायचा, "घ्या साहेब, वजन करून घ्या."

एकुलती एक लेक रोशनी तेवढी या तपासणीतून सुटलेली होती. अकरा वर्षांची, सहावीतली, लांब पायांची पोर. शाळेच्या मैदानावर ती पळायला लागली, की बाकीच्या मुली उभ्या आहेत असं वाटायचं. शाळेच्या खेळाच्या शिक्षिका शोभा मॅडम तिला सकाळी सरावाला बोलवायच्या. अशाच एका सकाळी रोशनीला मैदानावर चक्कर आली.

डॉक्टरांनी तपासलं. "काही नाही, उपाशीपोटी पळाली असेल. खाऊ घाला, पाणी पाजा," म्हणाले.

बाहेर येताच भैय्याजींनी सुरुवात केली. "दोन मिनिटं नळी लावली न म्हणते काही नाही. काही नाही तं चक्कर कोणाले आली, मले?"

"अवो, डॉक्टर आहे तो," सिंधूताई म्हणाल्या.

"विजूभाऊले पाहणारा बी डॉक्टरच होता."

विजूभाऊ म्हणजे भैय्याजींचे थोरले भाऊ. चाळिशीही पुरी झाली नव्हती. हसत-बोलत चहा पिता पिता गेले. त्याच्या आठवडाभर आधी छातीत धडधडतं म्हणून दाखवायला गेले, तेव्हा त्यांनाही "काही नाही"च सांगितलं होतं. त्या दिवसापासून भैय्याजींच्या मनात एकच गोष्ट बसली. आपण गाडीत असताना रोशनीच्या काळजाचं काय चाललंय, हे आपल्याला दिसलं पाहिजे.

बर्डीच्या बाजारात एका दुकानातल्या मुलानं हातात बांधायचं घड्याळ दाखवलं. "काका, पोरगी कुठंही असू द्या, ठोके तुमच्या मोबाइलवर." भैय्याजींनी ते स्वतःच्या मनगटावर बांधून, दुकानाचा जिना चढून उतरून, ठोके वाढतात की नाही ते बघितलं. मगच घेतलं.

घरी आल्यावर मोबाइलमध्ये रोशनीचं नाव टाकलं, जन्मतारीख टाकली. आणि सगळा पडदाच बदलला. एक पिवळं पाखरू आलं, पंख हलवून नाचलं, आणि चालायला लागा म्हणालं. ठोक्यांचं पान बंद. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी ही सोय नाही, एवढीच ओळ.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून भैय्याजी थेट दुकानात.

"काका, कंपनीचा रूल आहे तो."

"रूल आहे तं विकताना काहून नाही सांगितला?"

"तुम्ही विचारलं नाही, काका. जिने चढत होते तुम्ही."

मग कंपनीला फोन. बराच वेळ गाणं वाजल्यावर एक मुलगी गोड आवाजात बोलली, "सर, ये बच्चों की सुरक्षा के लिए है."

"अरे, सुरक्षा के लिएच तो लिया मैंने!"

"जी सर. तेरह साल की होने के बाद आप पूरा उपयोग कर पाएंगे."

"तब तक क्या दिल बंद रखना क्या उसका?"

मुलीनं पुन्हा गाणं लावलं.

भैय्याजींचा संशय आता चहूकडे धावू लागला. दुकानदारानं जुना माल खपवला असेल. कंपनीला आणखी महागडं घड्याळ विकायचं असेल. ठोके बंद ठेवतात आणि तारीख मात्र विचारतात, म्हणजे तारखेचं काहीतरी करत असणारच.

"कंपनीले काय पडलं हाय आपल्या पोरीचं?" सिंधूताई म्हणाल्या.

"तेच तं म्हणतो मी! नाही पडलं, तं मंग लपवून काहून राहिली?"

दोन दिवस ते त्या तारखेच्या पानाकडे बघत राहिले. मग त्यांच्यातला कंडक्टर जागा झाला. हे तारीख विचारतात, पण दाखला मागत नाहीत. नियम आहे, पण तपासायला कोणी नाही. गाडी आहे आणि कंडक्टरच नाही! त्यांनी अंगठ्यानं साल मागे सरकवलं. रोशनी एकोणीस वर्षांची झाली.

रोशनी शेजारीच बसली होती. "पप्पा, हे तं खोटं आहे ना?"

"तारीख तीच आहे बेटा. सालच थोडं मागं गेलं." त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आता पाहजो, ही घडी त्या डॉक्टरपेक्षा खरं सांगते का नाही."

पुढे आणखी पानं आली. उंची, वजन, आणि मग इंग्रजीतले चार-पाच प्रश्न. पहिल्या पर्यायावर आधीच खूण होती. भैय्याजींना घाई होती ती ठोक्यांची. ते 'पुढे, पुढे' दाबत गेले. आणि आला तो लाल बदाम, आपल्या लेकीच्या काळजाबरोबर हलणारा. भैय्याजींनी मोबाइल सिंधूताईंच्या डोळ्यांपुढे असा धरला, जसा काही तो बदाम त्यांनीच घडवला होता.

काही आठवडे सुखाचे गेले. पाचगावचा थांबा आला की मोबाइल, उमरेडला चहा घेताना मोबाइल. ड्रायव्हर रूपराव चिडवायचा, "काय भैय्याजी, पोरगी चालू आहे का बंद?"

"चालू आहे गा. तुह्या गाडीपेक्षा बरी चालू आहे."

मग एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. शाळेच्या मधल्या सुटीत ठोके चढतात. एखाद्या दिवशी नाही, रोजच. डबा खाण्याच्या वेळी पोरीचं काळीज असं कशानं उडतं?

विजूभाऊ आठवले. पण त्याहून जवळचे संशय आधी आले. त्यांनी शोभा मॅडमना फोन लावला. "मॅडम, सुटीत उन्हातानात पळवून राहिल्या का तुम्ही पोरीले?"

"मी सुटीत डबा खातो, भैय्याजी," मॅडम म्हणाल्या. "न मुलींनीही खावा असं मले वाटते."

मॅडमचा आवाज जरा जास्तच सरळ होता, असं भैय्याजींना वाटलं. मग सिंधूताईंना विचारून झालं. मग वर्गातल्या मुलांची नावं विचारून झाली. घड्याळच खोटं दाखवतंय का, म्हणून ते स्वतःच्या हातावर बांधून एक फेरी करून झाली. घड्याळ बरोबर होतं. शेवटी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी मागच्या बाकावर बघतात तसं रोशनीकडे बघितलं.

"मधल्या सुटीत काय करत असते वं?"

"डबा खातो. आणखी काय?" ती वहीतून मान वर न करता म्हणाली.

पढवलेलं पोरगं असंच बोलतं, खाली बघून, ताबडतोब. आणि आता त्यांना तिचे गालही दिसले. जरा आत गेल्यासारखे. हे कधी झालं? बदामाकडे बघता बघता तोंडाकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्युटी बदलून घेतली आणि मधल्या सुटीला ते शाळेत जाऊन उभे राहिले. कडुनिंबाच्या सावलीत रोशनीची मैत्रीण गुंजन दोन डबे पुढ्यात घेऊन बसली होती. एक संपलेला, दुसरा अर्धा.

"हा दुसरा कोणाचा?"

गुंजननं घास गिळला. "रोशनीचा. ते अर्धाच खाते, काका. बाकीचा मले देते." आणि मग घाईनं, "मी मांगत नाही, ते स्वतःच देते!"

"कुठं आहे?"

गुंजननं हात केला. शाळेच्या मागं, पाण्याची टाकी ते कंपाउंडची भिंत, भिंत ते टाकी, रोशनी एकटीच पळत होती. डोक्यावर ऊन. ओठ पांढरे. मैदानावर पळताना तिच्या तोंडावर हसू असायचं, ते कुठंच नव्हतं. भिंतीला हात लावायची, मनगटाकडे बघायची, पुन्हा पळायची.

वडील दिसल्यावर ती थांबली. त्यांनी तिला सावलीत ओढलं, बाटली तोंडाला लावली, आणि मगच विचारलं, "काहून पळून राहिली?"

"घडीतला पळायचा गोल भरायचा राहिला. नाही भरला तं घडी थरथरते."

"न डबा काहून देते दुसऱ्याले?"

"खाल्लं ते घडीत टाकाव लागते, न जास्त झालं तं लाल होते. घडीच सांगते ना रोज, आज एवढंच खायचं."

"एवढ्यात माणूस जगन का?" त्यांचा आवाज चढला. "अकरा वर्षांची तू, हाडाची काडी, तुले कोण म्हणते कमी खाय?"

रोशनी त्यांच्याकडे बघतच राहिली. या प्रश्नाचं तिला खरंच नवल वाटलं होतं.

"तुम्हीच तं टाकलं, पप्पा. वय बी, न वजन कमी करायचं बी. मी वाचलं होतं ते इंग्रजी पान. मले वाटलं, डॉक्टरनं तुमाले एकट्याले सांगितलं असन. वजनानं चक्कर येते म्हणून. नाही तं तुम्ही काहून टाकलं असतं? तुम्ही तं कोणाले खोटं सांगू देत नाही."

डॉक्टर, दुकानदार, कंपनी, मॅडम, बायको, वर्गातली पोरं, शेवटी खुद्द लेक, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. आपल्या अंगठ्यावर घ्यायचा तेवढा राहिला होता. आणि पोरीनं मात्र कशावरच घेतला नव्हता.

त्यांनी गुंजनजवळचा डबा मागून आणला. अर्धी पोळी उरली होती, ती समोर बसून खाऊ घातली. मग डॉक्टरकडे नेलं. या वेळी ईसीजीची पट्टी काढायला लावली आणि डॉक्टर बोलत असताना ते एकदाही मधे बोलले नाहीत. काळीज चांगलं होतं. पोर भुकेली होती.

संध्याकाळी त्यांनी रोशनीचं खरं साल टाकलं. मोबाइलनं ते घेतलं नाही. वय कमी करायचं, तर पालकाच्या ओळखपत्राचा फोटो पाठवा, म्हणाला. नाहीतर खातं बंद करा. आतापर्यंतचं सगळं पुसलं जाईल.

"पहा, पहा!" भैय्याजी उसळले. "खोटं टाकताना कोणी नाही विचारलं. खरं टाकतो म्हटलं तं आधार मांगून राहिले! मी नाही देत. बंदच करतो."

हा माणूस आधारची झेरॉक्स कुठं द्यावी लागली, तर तिच्यावर दोन आडव्या रेघा मारून, कशासाठी दिली ते लिहून, तारीख घालून द्यायचा. ते कार्ड कोण कुठल्या कंपनीला पाठवायचं?

रोशनीच्या सकाळच्या सगळ्या धावा त्या घड्याळात होत्या. आतापर्यंत सगळ्यात जोरात पळाली, ती सकाळही होती. तिनं घड्याळ मनगटावरून काढलं, टेबलावर ठेवलं आणि तोंड धुवायला नळावर गेली. बराच वेळ नळ चालू राहिला.

सिंधूताई पोळ्या लाटत होत्या. "खोटं तुमचं," त्या लाटणं न थांबवता म्हणाल्या, "न दंड पोरीले?"

भैय्याजी उठले. कपाटातून कार्ड आणलं. आधी रेघा मारलेल्या झेरॉक्सचा फोटो पाठवून बघितला. तो परत आला. मग त्यांनी कार्ड टेबलावर उजेडात ठेवलं, कोरं, उघडं, आणि दाराकडे एकदा बघून फोटो काढला. पाठवताना अंगठा जरा वेळ तसाच वर राहिला होता.

दोन दिवसांनी पिवळं पाखरू परत आलं. धावा शाबूत होत्या. खाण्याचं पान गेलं. लाल बदामही गेला.

"आता तुमाले ठोके नाही दिसणार," रोशनी म्हणाली. ती दुसरी पोळी खात होती आणि भैय्याजी ती जेवताना डोळ्यांत तेल घालून बघत होते.

"नाही दिसणार."

"मंग?"

"मंग तू सांगजो. धडधडलं तं. खरंखुरं."

पुढच्या आठवड्यात रोशनीचा सराव पुन्हा सुरू झाला, त्या पहिल्या दिवशी त्यांची गाडी उमरेडला होती. चहा थंड होईपर्यंत ते हातातला मोबाइल नुसता फिरवत राहिले. रूपरावनं विचारलं, "काय, पोरगी चालू आहे ना?" यावर ते म्हणाले, "संध्याकाळी विचारतो."

संध्याकाळी चपला काढायच्या आधीच विचारलं, "धडधडलं का आज?"

"थोडंसं. शेवटच्या फेरीले. मंग बसली मी."

"थोडंसं म्हणजे?"

"थोडंसं म्हणजे थोडंसं, पप्पा."

त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. ती मान वर करून बोलत होती. त्यांचं समाधान झालं नव्हतं. अजून एक प्रश्न जिभेवर होता, त्यानंतरचाही तयार होता. भैय्याजींनी दोन्ही गिळले आणि चपला काढायला खाली वाकले.