ओढून ठेवलेली मूठ

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुमनलाही नाही — आणि आता सुमन, माझी बायको, राहिली नाही, तेव्हा कुठे तोंड उघडतोय. केवढा शूर मी!

ऐंशीच्या दशकातलं जयपूर. लग्नाचं पहिलंच वर्ष. आमेर रोडला भाड्याची खोली, दारात कंपनीची डिझेल पिकअप. शेतांवरचे पाण्याचे पंप दुरुस्त करत हिंडायचो. आम्हा सांगलीकरांची थंडी मफलरपाशी संपते. तिथे गाडीलाच कपडे चढवावे लागत. रेडिएटरपुढे पुठ्ठा, दिव्यांना पिवळा जिलेटीन कागद. रिकामी पिकअप मागून नाचते, म्हणून वाळूची पोती. रात्री बॉनेटवर रजई — तीही आमचीच. सुमन म्हणायची, "आधी तुमच्या लाडकीला निजवा, मग माझं बघा." धुक्यात ती डाव्या खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याची कड सांगायची — "डावीकडे घ्या... अहो, बास, बास!" मी मुद्दाम चुकायचो. ओरडली की काय दिसायची! अजून धुकं पडलं की माझा डावा कान वाट बघतो.

मुद्दा टाळतोय ना मी? टाळतोयच.

पहिल्या संक्रांतीला तिला माहेरी जायचं होतं. आईने हलव्याचे दागिने करून ठेवलेले. वडिलांचं पत्र आलेलं — 'एकदा डोळे भरून बघू दे.' पंधरा दिवस! त्या खोलीत, त्या गारठ्यात, तिच्याशिवाय मी करणार काय? 'जाऊ नकोस' म्हणता आलं नसतं? पण लाज वाटली. नवऱ्याने असं म्हणायचं असतं का? म्हणून मी —

तर ऐका. त्या पिकअपचं इंजिन चावीने बंद होत नसे. स्टिअरिंगखालची एक मूठ ओढायची, की डिझेल तुटायचं. ती ओढलेलीच राहिली तर कितीही चावी मारा, इंजिन नुसतं कण्हतं. त्या पहाटे, तिला स्टेशनवर सोडायला निघताना, मी ती ओढून ठेवली. गुडघ्याआड लपवली. आणि चावी मारत राहिलो.

सुमन किटलीने गरम पाणी आणून इंजिनावर ओतत होती. एक किटली, दोन, तीन. बोटं भाजली तिची. शेजारचे चौधरीजी कांबळं पांघरूनच धक्का मारायला आले. "भाभीजी, इस ठंड में तो ऊँट भी ना उठे!" मी कपाळावर हात मारून घेत होतो — नाटकात गेलो असतो तर नाव काढलं असतं. अखेर बॅटरी खरंच बसली. चौधरीजींनी टांगा आणला तोवर ट्रेन गेली होती.

"आता उद्या निघूनही संक्रांत हुकणारच. होळीला नक्की," मी म्हणालो.

भरलेली बॅग तशीच ठेवून ती म्हणाली, "किती खटपट केलीत हो." त्या रात्री मी सुखाने झोपलो. हेही सांगायलाच हवं.

पुढे आयुष्यभर ती पाहुण्यांना सांगायची, "थंडीने गाडीच सुरू होईना. हे तर रडकुंडीला आले होते!" सगळे हसायचे. मीही.

होळीच्या आधीच तार आली. तिचे वडील गेले.

पहाटे दाट धुकं होतं. मूठ आत ढकलली. गाडी एका चावीत सुरू झाली. स्टेशनपर्यंत सुमन डाव्या खिडकीतून डोकं बाहेर काढून, रडत रडत, कड सांगत होती — "डावीकडे घ्या... अजून थोडं..."

त्या दिवशी मी एकदाही चुकलो नाही.