उभा तुकडा

प्रयोगशाळेत तिला सगळे सरळबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिचीही त्याला ना नव्हती. रुग्णाच्या शरीरातून काढलेला कणभर तुकडा वितळलेल्या मेणात बसवायचा, मेण घट्ट झालं की यंत्रावर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे आणि रंगवून डॉक्टरीणबाईंच्या सूक्ष्मदर्शकाकडे पाठवायचे, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. त्यात आतड्याच्या अस्तराचा तुकडा महानाठाळ. त्यावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्न शोषून घेणारे. तुकडा मेणात उभा बसला तर बोटं पूर्ण दिसतात. जरा कलला की काप तिरका जातो आणि धडधाकट बोटंही खुरटलेली वाटतात. "उभा धर," ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायची, "बाकीची अक्कल सावकाश आली तरी चालेल."

तर झालं असं, की तिच्या नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं. नवरा शिंपी, खाण्याचा भारी शौकीन. वीस दिवस त्याच्या तोंडात अन्नाचा कण गेला नाही, सगळं शिरेतून. शेवटी दुर्बिणीने त्याच्या आतड्याचा तुकडा काढला. अस्तर बरं निघालं तर चमच्याने खायला सुरुवात, नाहीतर आणखी तपासण्या आणि उपास पुढे चालू.

"हा तुकडा दुसऱ्याला करू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दुसऱ्याच्या हाती कशाला?" सरळबाई म्हणाली, आणि हट्टाने स्वतःच बसली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरलेला होता. बोटं जवळजवळ सपाट. "वेगळाच आजार दिसतोय, ताई. खाणं इतक्यात नको."

सरळबाईच्या पायाखालची जमीन सरकली. तरी सवयीने तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बोटांच्या तळाशी बारीक नळ्या असतात, त्या उभ्या कापात लांबट दिसायला हव्या होत्या, त्या कांद्याच्या चकत्यांसारख्या गोल गोल दिसत होत्या. म्हणजे काप तिरका. दुसऱ्या कुणाच्या हातचा असता तर तिने त्याला तिथेच झाडलं असतं. पण हे डोळ्यांना दिसतंय, की मनाला हवंय म्हणून दिसतंय? आणि बोलायचं तर सव्वीस वर्षांच्या तोऱ्यावर पाणी सोडायचं.

"डॉक्टर, तुकडा कललाय. माझ्याच हातून."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पाहिलं, बराच वेळ. "मेण वितळवून परत बसवा. पण तुम्ही नाही."

हे तिला झोंबलं, पण बरोबर होतं. जो सहकारी तिच्याकडून वर्षानुवर्षं बोलणी खात आला होता, त्याने सकाळी चिमट्याने तुकडा उचलला. "उभा आहे का बघा, सरळबाई." आवाजात टोमणा नव्हता. तिने पाहिलं. "आहे."

नव्या कापात बोटं आखूड होतीच, खोटं कशाला बोला. पण उभी होती. सरळबाईने पूर्वी एका संशोधनासाठी उपाशी उंदरांच्या आतड्याचे काप काढले होते. चार दिवस अन्न नाही की बोटं अशीच आखडायची. पुन्हा खायला दिलं की तळाशी नव्या पेशींची धांदल उडायची आणि दोन-तीन दिवसांत बोटं वर यायची.

"नुसत्या उपासाने झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अन्न मिळालं की भरून येईल. पण अगदी बेताबेताने. इतक्या दिवसांनी एकदम दिलं तर जिवावर बेतेल."

दुपारी ती वाटी घेऊन त्याच्या खाटेशी बसली. दोन चमचे झाले आणि तिने वाटी झाकली.

"बावीस दिवसांनी दोन चमचे?" तो म्हणाला.

"दोन. उद्या चार."

"चुकून एखादा जास्त पडला म्हणून काय होतं?"

"माझी चूक या आठवड्यात करून झालीय."

तो हसला, टाके दुखले म्हणून कळवळला आणि पुन्हा हसला. सरळबाईला मात्र रडू फुटलं, आणि तिने ते लपवलं नाही.