राजकन्याच्या जीपचं डावं चाक

लिही शिवांगी, तुझ्या धाकट्या आज्जीचं लिही. माझी धाकटी जाऊ, राजकन्या. नाव राजकन्या अन् नखात बारा महिने काळं ऑइल. किल्लारीच्या अड्ड्यावर इतक्या जीपा लागतेत, त्यात बाईमाणूस चालवती ती ही एकटीच. पयल्यांदी बाप्ये तिच्या गाडीत बसायला कचरायचे. एक जण म्हणला, "बाई, नीट चालवशील ना?" ही म्हणली, "दादा, तुमी नीट बसा म्हंजी झालं."

जीप तशी माझ्या दिराची, श्रीमंतची. सगळी उमर त्याची त्या टेरिंगवर गेली. मग त्याच्या दोनी किडन्या बसल्या. मंगळवार अन् शुक्रवार लातूरला न्यायचं, मशिनीवर रगत धुऊन आणायचं, तवा त्याचं चालायचं. खेप हुकली की अंगात पाणी साचतंय, पाय सुजतेत, मग ते पाणी छातीत चढतंय अन् माणसाला दम घेता येत न्हाई. डॉक्टरनं आमाला साफ सांगितलेलं, खेप चुकवू नका, एखादी चुकलेली शेवटची ठरंल.

दुसऱ्याच्या गाडीची वाट कवर बघायची? म्हणून त्यानंच राजकन्याला कारखान्यामागच्या माळावर जीप शिकवली. शिकवली म्हंजी काय, वरडला. "क्लच! आगं क्लच! म्हस हाय का ती, टाच मारून पळवायली?" ही बी कमी न्हाई. गाडी बंद करून खाली उतरायची अन् म्हणायची, "घ्या, तुमीच चालवा तुमची म्हस." मग त्यानं गोडीनं बोलवायचं. असं करत करत ती शिकली, लायसन काढलं, अन् आता तो डावीकडच्या सीटवर अन् ही टेरिंगवर. दोघं घरात कमी बोलायचे. भांडण असू दे का माया, सगळं त्या गाडीवरनं.

तर त्या शुक्रवारचं सांगते. दसरा होऊन गेलता. परतीच्या पावसानं मंगळवारी पुलावरनं पाणी चाललं, ती खेप हुकली. शुक्रवार उजाडंस्तोवर श्रीमंतचं तोंड असं फुगलं की डोळे बारीक झाले. आडवा पडला की खोकला उसळायचा, म्हणून रात त्यानं भिताडाला टेकून काढली. त्याला धरायला म्हणून मी बी संगं निघाले. मी मागं बसले अन् फुडं हात घालून त्याचा खांदा धरला. राजकन्यानं त्या दिशी एक बी सवारी घेतली न्हाई.

अड्ड्यावर शेषेराव व्हता, तो बी जीपवालाच. म्हणला, "वैनी, मोठ्या रोडनं जाऊ नका. सोयाबीनच्या भावासाठी रस्ता रोको लागलाय, अडकून पडताल. आतल्या रस्त्यानं औशाच्या रोडला निघा."

आतला रस्ता म्हंजी सगळी शेतं. अर्ध्या डांबरावर लोकांनी सोयाबीन वाळू घातलेलं, अर्ध्यावरनं गाड्या. तीन-चार गावं मागं पडली असतील अन् आवाज सुरू झाला. गर्र, गर्र, गर्र. जात्यातला दाणा संपला अन् तरी बाई वढतच राहिली, मग दगडावर दगड घासतोय ना, अगदी तसा. फुडनं, खालनं.

श्रीमंत डोळे मिटून बसलता, त्यानं झटक्यात उघडले. "काय वाजायलंय?"

"कुठं काय? सोयाबीनचं काड अडकलं असंल," राजकन्या म्हणली. तिला तिच्या गाडीला कुणी नावं ठेवल्याली खपत न्हाई, नवऱ्यानं बी. पण उतरली. चाकामागं हात घालून मूठभर काड वढून काढलं, त्याच्या तोंडाफुडं नाचवलं. "हे बगा तुमचा आवाज."

गाडी निघाली. जरा येळ खरंच गप व्हती. मला बी हायसं वाटलं. मग एक वळण आलं अन् परत, गर्र, गर्र. ह्या येळी मोठ्यानं.

"ब्रेक दाब," तो म्हणला.

"दाबला."

"बदलला का आवाज?"

"न्हाई."

"मग ब्रेकचं लायनर न्हाई. आता टेरिंग उजवीकडं मार जरा. रस्ता मोकळा हाय."

तिनं मारलं. आवाज असा वाढला की मी त्याच्या खांद्यावरनं हात काढून दांडी धरली. डावीकडं वळवलं तर कमी आला. त्यानं चप्पल काढून पाय खाली पत्र्यावर ठेवला. "डावं चाक हाय. उजवीकडं वळलं की बोजा ह्या अंगाला येतोय. मला तळपायाला कळायलंय."

"सुजलेल्या पायाला काय कळतंय?" राजकन्या म्हणली. पण तोंड उतरलं तिचं, मला आरशात दिसलं.

तो बोलायचा अन् मधीच थांबायचा. चार शबूद बोलायचे, दम घ्यायचा, मग फुडचे चार. माझा एक कान चाकाकडं अन् एक कान त्याच्या छातीकडं. तिथनं बी घुरघुर यायलीती.

"थांब," तो म्हणला. "हात लावून बघ चाकाच्या मधी."

राजकन्या उतरली, चाकाच्या मधल्या टोपणाला हात लावला अन् "आय्योव" करून मागं झाली. बोटं तोंडात घातली. तव्यावानी तापलेलं. मग तिनं गाडीला जॅक लावला, चाक वर उचललं, वरनं-खालनं धरून हलवलं. खट खट वाजलं. घट्ट बसलेलं चाक असं हलावं का?

"बेरिंग," श्रीमंत म्हणला.

तिनं औशाच्या मिस्तरीला फोन लावला. तो रस्ता रोकोच्या पल्याड अडकलेला. ॲम्बुलन्सला लावला. आत्ताच एक पेशंट घेऊन गेली, परत आली की पाठवतो म्हणले. रस्त्यावर फुडं-मागं एक गाडी न्हाई. ऊन चढायलेलं. श्रीमंतच्या ओठाचा रंग बदलायला लागलेला, जांभळावानी. मी पदरानं वारा घालायले, दुसरं काय करणार?

शेजारच्या शेतात ट्रॅक्टर उभा व्हता. तिथनं एक म्हातारा आला, बसवंत नाव. मोठ्या मिशा, डोक्याला टॉवेल. राजकन्याला पान्हा घेऊन बसल्याली बघून म्हणला, "यव्वा, गाडीवाला पळून गेला का काय?"

"गाडीवाली हितंच हाय काका. ग्रीस हाय का ट्रॅक्टरवर?"

म्हाताऱ्यानं गाडीत डोकावून श्रीमंतला बघितलं अन् त्याची मस्करी जिरली. वळून ट्रॅक्टरकडं गेला, ग्रीसचा डबा घेऊनच आला.

श्रीमंत दारातनं पाय खाली सोडून बसला, तिथनं सांगायचा. ही खोल, ती पिन वढ, आता नट. राजकन्या करायची. चाक निघालं, मग मधलं टोपण निघालं, अन् आतनं पाणी सांडलं. काळं ग्रीस पायजे तिथं दूध जास्ती झालेल्या चहावानी पाणी. आतले बारके लोखंडी रूळ बाहेर काढले तर गंजून खडबडीत झालेले, देवीच्या वणावानी खड्डे पडलेले.

श्रीमंतनं त्यातला एक रूळ बोटात फिरवून बघितला. "गाडी पाण्यात घातलीस?"

"घातली की. खंडेनवमीला. तेरणेत. सगळ्यांचे ट्रॅक्टर, टेम्पो व्हते. तुमीच दर साली घालत व्हता ना? मी काय नवीन केलं?"

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यार, अवजार, गाडी, सगळं धुऊन पुजायचं. बाप्ये गाड्या नदीत घालतेत, चाकं बुडंस्तोवर, अन् म्हशीवानी घासून धुतेत. श्रीमंत बी घालायचा. औंदा त्याला उठवत नव्हतं, तर राजकन्यानं सोता नेली. धुतली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, सगळं त्याच्यावानी केलं. घरी आणून दारात उभी केली अन् त्याला खिडकीतनं दाखवली. तो हसला बी व्हता.

"अन् मग ग्रीस?" त्यानं इचारलं.

"कसलं ग्रीस?"

"धुतल्यावर दुसऱ्या दिशी मी मिस्तरीकडं न्यायचो. चाकं खोलून, पुसून, ग्रीस नवं भरायचो. पाणी आत जातंय."

राजकन्याचे हात तसेच राहिले. ती नदीवर असायची दर साली, डोळे भरून बघायची नवऱ्याला गाडी धुताना. दुसऱ्या दिशी तो मिस्तरीकडं जायचा तवा ती घरात, सणाची भांडी घासायची. तिला कशाला कळंल?

"मला सांगितलं न्हाई तुमी," ती म्हणली. भांडणासारखं न्हाई, हळू.

त्यानं पायानं ग्रीसचा डबा तिच्याकडं सरकवला. बोलायला दम बी नव्हता त्याला.

मग तिनं बेरिंग पुसलं अन् ग्रीस भरायला घेतलं. भरल्या वांग्यात मसाला दाबतो तसं बोटानं दाबून दाबून. चाक बसवलं. श्रीमंत म्हणला, "हळू चाल. रोडपतोर जाईल." बसवंत म्हणला, "मी मागनं ट्रॅक्टर घेऊन येतो," अन् वाळू घातल्यालं सोयाबीन तसंच टाकून आला बिचारा.

निघालो. माणूस चालंल तेवढ्याच जोरानं गाडी. आवाज व्हता, पण दबलेला. राजकन्या घडीघडी इचारायची, "अवो, कसा यायलाय आता?" तो म्हणायचा, "तसाच." जरा फुडं गेलो की परत, "अवो?" "तसाच. चाल."

मग तिनं इचारलं अन् त्यानं उत्तर दिलं न्हाई.

"अवो! आवाज कसा यायलाय?"

त्याची मान माझ्या हातावर लवंडली. मी त्याच्या गालावर चापट मारली, "श्रीमंत! ए श्रीमंत!" डोळे उघडले, पण त्याला आमी वळखू आलो का न्हाई देव जाणे. परत मिटले. दम चालू व्हता, वरचा वर.

राजकन्याच्या पाठीवर घाम फुटलेला मला मागनं दिसायलेला. आता तिला सांगणारं कुणी नव्हतं. लांबवर औशाचा रोड दिसायलाता, गाड्या जाताना दिसायल्या. म्या म्हणलं, "आगं दाब जरा, आलं की. पळव!" खरंच म्हणलं. मला वाटलं काय व्हायचं ते हू दे, पर पोचवावं.

तिनं पळवली न्हाई. तिनं सोताची चप्पल काढली अन् पाय उघडा करून खाली पत्र्यावर टेकवला. थोडा येळ तशीच बसली, कान देऊन. मग म्हणली, "आक्का, टेरिंग डावीकडं वढायलंय. अन् जळका वास यायलाय." अन् रस्त्याच्या कडंला गाडी लावली. रोड समोर दिसत असताना.

"आगं कामून थांबलीस?" मी वरडले.

"चाक निखळलं तर गाडी त्यांच्या अंगावर पलटी हुईल. त्यांच्याच बाजूला हाय ते." येवढंच बोलली अन् उतरली. चाक आत झुकलेलं, मधनं धूर निघायलाता.

बसवंतनं अन् तिनं मिळून त्याला उचललं. ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर राजकन्या बसली, त्याला मांडीत घेऊन, अन् मी दुसऱ्या अंगाला. ट्रॅक्टर निघाला तवा तिनं मागं वळून जीपकडं बघितलं बी न्हाई. घरातलं जनावर सोडताना बाई वळून बघती, पर हिनं न्हाई बघितलं. ती त्याच्या नाकाफुडं बोट धरून बसलीती.

रोडला दुधाचा टेम्पो भेटला. बसवंतनं ट्रॅक्टर आडवाच लावला त्याच्या म्होरं. टेम्पोवाला शिव्या देत उतरला, श्रीमंतला बघितलं अन् म्हणला, "चढवा, चढवा." दुधाच्या कॅना सरकवून आमाला जागा केली. लातूरपतोर त्यानं हॉर्नवरचा हात काढला न्हाई.

दवाखान्यातली सिस्टर आमालाच रागावली, "इतका उशीर? अन् मंगळवारी कुठं होता?" राजकन्यानं ऐकून घेतलं. नाकाला ऑक्सिजन लावला, मशिनीवर घेतलं. आमी दाराशी. तिच्या कोपरापतोर ग्रीस, लुगड्याला ग्रीस, कपाळाला ग्रीस. लोक बघायचे. चहा आणला मी, तो तिच्या हातात गार झाला.

लई येळानं सिस्टर म्हणली, "या आत, शुद्धीवर हायेत."

आमी गेलो. तोंडाची सूज जराशी उतरलेली, ओठाला रंग आलेला. त्यानं तिच्या हाताकडं बघितलं. पयलं काय बोलावं? "गाडी कुठाय?"

"रस्त्यावर."

"चाकाला दगड लावला?"

"न्हाई लावला. तुमाला उचलायचं व्हतं, का गाडीला दगड लावत बसायचं व्हतं?"

सिस्टर हसली. तो न्हाई हसला. तो वर पंख्याकडं बघत बोलायला लागला, घाईघाईनं, जणू कुणी बोलवायला आलंय. "ऐक. ग्रीसचं सांगायचं राह्यलं. गेअरचं ऑइल बी वरसातनं एकदा बदलावं लागतंय. पंख्याचा पट्टा चिरला का बघत जा, उन्हाळ्यात तुटतोय. बॅटरीचं पाणी. मागच्या स्प्रिंगचा एक पाटा तिडकलेला हाय, मी कुणाला बोललो न्हाई. रेडिएटरला..."

राजकन्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. ग्रीसचा हात, त्याच्या मिशीला काळं लागलं.

"बास," ती म्हणली. "सगळं आजच सांगायचं हाय का? मंगळवारी परत यायचंय ना? उरल्यालं मंगळवारी सांगा."

मशीन चाललीती, नळीतनं त्याचं रगत जायलंतं अन् यायलंतं. जरा येळानं तिचा हात तोंडावरनं बाजूला करून म्हणला, "कशात येणार मंगळवारी?"

"बघते," राजकन्या म्हणली, अन् मिस्तरीला फोन लावायला बाहेर गेली.